लोणारचा भाग : व्हिडिओ आणि पॉडकास्टच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२५

पुढचा भाग लोणारवर, म्हणजे बुलडाणा जिल्ह्यातल्या तळं असलेल्या विवरावर करायचा हे नक्की झालं. दोन रूपं असतील. चौदा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ, आणि त्याच विषयावर साधारण चाळीस मिनिटांचा पॉडकास्ट. समोर ठेवायचे प्रेक्षक नेहमीचेच : आठवी ते दहावीची मुलं, त्यांचे शिक्षक, आणि शाळा सोडून बरीच वर्षं झाली तरी कुतूहल टिकवून असलेली मोठी माणसं.

लोणारवर मराठीत व्हिडिओ भरपूर आहेत. बहुतेकांत 'हजारो वर्षांपूर्वी इथे उल्का आदळली' हे एक वाक्य येतं आणि लगेच कॅमेरा पाण्यावरून उडायला लागतो. ते वाक्य कुणी, कशावरून आणि कधी म्हणायला सुरुवात केली, ते कुणी सांगत नाही. मला तेवढंच सांगायचं आहे. वहीच्या पहिल्या पानावर वर लिहून ठेवलं : 'हे आपल्याला कसं कळलं?' संहितेतल्या प्रत्येक परिच्छेदाला हा प्रश्न विचारायचा. उत्तर नसेल तर परिच्छेद काढायचा.

७ ऑक्टोबर

वाचन चालू आहे. घटनाक्रम मनाजोगता जुळतोय.

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. १८९६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी लोणारचं ॲरिझोनातल्या विवराशी असलेलं साम्य दाखवलं, पण दोन्ही विवरं ज्वालामुखीची असं मानलं. साम्य अचूक टिपलं, कारण मात्र वेगळं लावलं. (ॲरिझोनातलं विवर उल्कापाताचंच, हे पुढे सिद्ध झालं.) गिल्बर्ट साधा माणूस नव्हता. ॲरिझोनात जमिनीखाली लोखंडी उल्का दडली असेल तर चुंबकीय मोजणीत ती सापडायला हवी, या विचाराने त्यांनी मोजणी केली, काही सापडलं नाही, आणि हाती आलेल्या पुराव्याशी प्रामाणिक राहून त्यांनी निष्कर्ष काढला. मुलांना हा माणूस भेटायलाच हवा. विज्ञानात असा विचार करणारी माणसंही असतात आणि त्यांचं कामही पुढच्यांच्या उपयोगी पडतं.

लोणार ज्वालामुखीचं वाटणं स्वाभाविकच होतं. आजूबाजूला शेकडो किलोमीटर बेसाल्टच आहे, दख्खनच्या पठाराचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. लाव्हाच्या प्रदेशात गोल खड्डा दिसला की आधी ज्वालामुखीचं मुखच आठवणार.

चित्र बदललं १९७३ मध्ये. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. त्यांना विवरातल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. बेसाल्टमधल्या प्लेजिओक्लेज खनिजाची, न वितळता, निव्वळ धक्क्याच्या दाबाने झालेली ही काच. त्यासाठी सुमारे ३० गिगापास्कल दाब लागतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीन लाख पट. कोणताही ज्वालामुखी एवढा दाब निर्माण करत नाही. व्हिडिओचा कणा हाच. १८२३ ते १९७३, दीडशे वर्षांची एक चौकशी.

१२ ऑक्टोबर

संहितेचा पहिला खर्डा भाचीला वाचून दाखवला. ती आठवीत आहे. माझी पद्धत अशी : कागद तिच्या हातात द्यायचा नाही, चित्रं दाखवायची नाहीत, फक्त वाचायचं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. नजर खिडकीकडे गेली की कागदावर त्या ओळीशी खूण करायची.

दाबाच्या आकड्यापर्यंत ती सोबत होती. मग म्हणाली, "मावशी, पण तो दगड कुठाय?"

हा प्रश्न कुठल्याही वर्गात पहिला येणार आणि खर्ड्यात त्याला जागा नव्हती. आता स्वतंत्र विभाग केला. उत्तर असं : एवढ्या वेगाने आदळलेला दगड बहुतांश वितळून आणि वाफ होऊन जातो. पण तो पूर्ण निसटत नाही. विवराभोवती मिलिमीटरपेक्षाही लहान काचगोळ्या सापडल्या आहेत. त्यांत निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम यांचं प्रमाण इथल्या बेसाल्टपेक्षा जास्त आहे. ही जादा भर आली कुठून? आलेल्या पाहुण्याकडून. तो त्या गोळ्यांमध्ये मिसळून राहिलाय.

भाची म्हणाली, "म्हणजे सापडला की!" हेच वाक्य संहितेत घेतलं, तिची परवानगी घेऊन.

१६ ऑक्टोबर

आज पूर्ण दिवस वयाच्या प्रश्नावर गेला. या भागातला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात प्रिय मजकूर हाच.

लोणारचं वय किती? छापील साहित्यात दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या जवळपासही नाहीत. १९९७ मध्ये औष्णिक प्रदीप्तीच्या पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं आलं, सहा हजार इकडे-तिकडे. २०११ मध्ये अरगॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार आलं, ४७ हजार इकडे-तिकडे. दोघांत दहापटीहून जास्त फरक.

संपादन करणारी मैत्रीण म्हणाली, "एक आकडा घे आणि पुढे जा. मुलं गोंधळतील." तिचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण कुठे प्रेक्षक निघून जातात याचे आलेख ती माझ्यापेक्षा बारकाईने बघते. पण इथे मी ठाम आहे. एक आकडा दिला तर मुलं तो पाठ करतील. दोन आकडे आणि दोन्हींमागची रीत दिली तर मोजमाप म्हणजे काय ते त्यांना कळेल.

रीत सोपी करून लिहिली ती अशी. दोन्ही पद्धती म्हणजे काचेतली दोन घड्याळं. आघाताच्या उष्णतेने काच तयार झाली तेव्हा दोन्ही शून्यावर आली. पहिल्या घड्याळात, भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे काचेत हळूहळू ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत काच तापवली की ती प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितकं वय जास्त. दुसऱ्या घड्याळात काचेतल्या पोटॅशियम-४० चा अरगॉन होत जातो. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं, त्यामुळे लाखो वर्षांतही अगदी थोडाच अरगॉन तयार होतो, पण तो मोजता येतो.

आता खरी गंमत. पहिलं घड्याळ बिघडलं तर सहसा वय कमी दाखवतं, कारण साठवण भरून जाऊ शकते किंवा थोडी थोडी गळत राहू शकते. दुसरं बिघडलं तर वय जास्त दाखवण्याकडे त्याचा कल असतो, कारण मूळ बेसाल्ट कोट्यवधी वर्षं जुना आणि त्यातला जुना अरगॉन काचेत अडकून राहिला तर हिशेबात धरला जातो. २०११ च्या गटाने हा अडकलेला अरगॉन वेगळा काढण्यासाठी हिशेब केला होता, म्हणून त्यांच्या आकड्याला वजन आहे. हे सगळं सांगून मी सांगणार : मला अरगॉनचं उत्तर जास्त पटतं, आणि ते या कारणासाठी.

दोन मिनिटं चाळीस सेकंद होतात. तेवढी देणार.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. फटाक्यांत ध्वनिमुद्रण शक्यच नाही. कामाला सुट्टी, फक्त चित्रफलक काढले.

२५ ऑक्टोबर

प्रयोगाचा दिवस. घरात उरलेली रांगोळी होती, तीच वापरली. जुन्या लाकडी खोक्यात तळाला बारीक वाळू, तिच्यावर गेरूचा थर, सगळ्यात वर पांढऱ्या रांगोळीचा थर. वरून गोटी सोडायची. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींनी चित्रण, प्रकाश एका बाजूने आणि खालून, म्हणजे उडालेला प्रत्येक कण उजळतो. वर सीलिंगला दिवा असता तर सगळं सपाट दिसलं असतं.

चित्रण फार सुंदर आलं. पांढरं वर, गेरू खाली असा क्रम होता. गोटी पडल्यावर खड्ड्याच्या काठावर गेरू वर आला आणि पांढरं खाली गेलं. थर उलटे झाले. लोणारच्या कडेवर हेच घडलंय. खालचे लाव्हाचे थर उचलले गेलेत, बाहेरच्या बाजूला कललेत, आणि बाहेर फेकला गेलेला मलबा कडेवर येऊन बसलाय. एका खोक्यात भूशास्त्राचा अख्खा धडा.

मग गोटी तिरकी मारून बघितली. खड्डा लांबट झाला. लोणार मात्र जवळजवळ गोल आहे. काही अभ्यासकांना मलब्याच्या पसरण्यावरून आघात पूर्वेकडून तिरका झाला असं वाटतं. तिरका आघात आणि तरी गोल खड्डा, हे कसं?

हा भाग मैत्रिणीला नको होता. प्रयोग जिथे खऱ्याशी जुळतो तिथेच थांबावं असं तिचं मत. माझं म्हणणं उलट. खोक्यातला प्रयोग जिथे खऱ्यापासून फारकत घेतो तिथून पुढचं शिकणं सुरू होतं. दोन मीटरवरून सोडलेली गोटी सेकंदाला सहा मीटर वेगाने पडते. अवकाशातून पृथ्वीच्या ओढीत सापडून येणारा दगड वातावरणाशी पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर असतो. सतराशे पटींहून जास्त. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दर किलोमागे तीस लाख पट. त्या वेगाला एक किलो दगडात एक किलो टीएनटी या स्फोटकाच्या सुमारे चौदा पट ऊर्जा असते. तो दगड जमीन उकरत नाही, तिथे स्फोट होतो. स्फोट चारी बाजूंना सारखा पसरतो, म्हणून खड्डा गोल. आणि म्हणूनच विवर दगडाच्या दहा-वीस पट मोठं होतं, गोटीचा खड्डा मात्र गोटीच्या दोन-तीन पटच.

भाचीने हा हिशेब वहीवर स्वतः केला. कॅमेऱ्यात तिचा फक्त हात आणि पेन्सिल. चेहरा दाखवायचा नाही हे तिच्या आईशी आधीच ठरलेलं. लहान मुलांच्या बाबतीत माझा हा नियम कायमचा.

७ नोव्हेंबर, लोणार

जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे एस.टी. सोबत कॅमेरा, ट्रायपॉड, ध्वनिमुद्रक, दोन माइक आणि वाऱ्यासाठी केसाळ टोपी. ड्रोन आणला नाही. विवर अभयारण्यात येतं, परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो नकोच होता. विवराची उंचीची माहिती मोफत मिळते, तिच्यावरून हवं तसं उडता येईल. इथे यायचं ते पायाने आणि कानाने टिपता येईल त्यासाठी.

पहाटे कडेवर पोचले. सूर्य वर यायच्या आधीचा अर्धा तास आवाजासाठी सोन्यासारखा. गाड्या नाहीत, पर्यटक नाहीत. खालच्या झाडीतून मोर ओरडतात आणि आवाज विवराच्या भिंतीवरून फिरून थोडा उशिरा परत येतो. हा परतणारा आवाज मला पॉडकास्टसाठी हवाच होता. जागेची रुंदी कानाला यातूनच कळते. ध्वनिमुद्रक सुरू ठेवून लांब जाऊन बसले, हलले नाही. स्वतःच्या जॅकेटची सळसळसुद्धा मुद्रणात येते.

नंतर धारेपाशी गेले. गोड्या पाण्याचा झरा, गोमुखातून बारमाही पडणारा. खाली तळं एवढं अल्कधर्मी की पीएच दहाच्या आसपास, आणि वर काठावर हे पिण्याजोगं पाणी. माइक आधी पाण्याजवळ, मग दूर, मग पायऱ्यांवर. एकाच झऱ्याचे तीन आवाज हवेत, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण उतरतोय असं वाटतं.

दुपारी कडेच्या आतल्या अंगाचे थर चित्रित केले. बाहेरच्या बाजूला कललेला थर कॅमेऱ्यात स्पष्ट दिसायला ऊन तिरकंच हवं, म्हणून तीनपर्यंत थांबले. प्रत्येक चौकटीत मापासाठी पट्टी ठेवली. पट्टीशिवाय खडकाचं चित्र म्हणजे अर्धीच माहिती. दगड एकही उचलला नाही. नमुने बघायचे तर संग्रहातले बघता येतात, इथला प्रत्येक तुकडा इथेच राहायला हवा. रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत २०२० मध्ये आलेली, महाराष्ट्रातली दुसरीच पाणथळ जागा आहे ही.

गावातल्या दैत्यसूदन मंदिराबाहेर एका आजोबांना विचारलं, तळ्याची गोष्ट सांगाल का? लवणासुराची कथा त्यांनी रंगवून सांगितली. पॉडकास्टची सुरुवात याच आवाजाने होईल, त्यांनी मुद्रणाला मोकळेपणाने हो म्हटलं. या खड्ड्याचं काहीतरी कारण असलं पाहिजे, हे लोकांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी वाटलं होतं. कथेचा मान ठेवूनच पुढे विज्ञानाकडे जायचं.

१२ नोव्हेंबर

संगणकावरचा दिवस. फेब्रुवारी २००० मध्ये एका अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली होती. ती माहिती ३० मीटरच्या चौकोनांत मोफत उपलब्ध आहे. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे काठापासून काठापर्यंत साठ चौकोन. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडा कापला, ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उभा केला.

इथे निर्णयाची वेळ आली. असे नमुने बनवताना उंची दोन-तीन पट ताणायची सर्रास पद्धत आहे, म्हणजे खड्डा खोल आणि नाट्यमय दिसतो. मी ताणली नाही. खोली दीडशे मीटरच्या आतबाहेर, रुंदी तिच्या बारा-तेरा पट. खऱ्या प्रमाणात लोणार वाटीसारखं दिसत नाही, परातीसारखं दिसतं. मैत्रिणीने पहिल्यांदा बघितल्यावर विचारलं, "एवढंच?" मग मी तळ्याखालचा भाग जोडला. विवराच्या तळाशी बोअर घेतले तेव्हा सुमारे १०० मीटर गाळ लागला आणि त्याखाली भंगलेला बेसाल्ट. म्हणजे आपल्याला दिसतं त्याच्याखाली अजून बरंच विवर गाळाने बुजलेलं आहे. ॲनिमेशनमध्ये पाणी नाहीसं होतं, गाळाचा थर अर्धपारदर्शक होतो आणि खरा तळ दिसायला लागतो. तेव्हा ती गप्प झाली आणि म्हणाली, "हे ठेव."

ताणलेल्या चित्रापेक्षा हे जास्त परिणामकारक आहे, आणि खरं आहे.

१६ नोव्हेंबर

निवृत्त भूशास्त्राच्या प्राध्यापकांची मुलाखत, त्यांच्या घरी. पोचल्यावर पहिली वीस मिनिटं फक्त खोली गप्प करण्यात गेली. पंखा बंद, भिंतीवरचं घड्याळ स्वयंपाकघरात, फ्रीज बंद. फ्रीज बंद केला की माझ्या स्कूटरची किल्ली त्यात ठेवते, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू केल्याशिवाय मला जाताच येत नाही. काकूंना ही युक्ती फार आवडली.

मी प्रश्न आधी पाठवत नाही, फक्त विषय कळवते. प्रश्न हातात असले की माणसं उत्तरं लिहून आणतात आणि मग बोलत नाहीत, वाचतात. आणखी एक सवय लावून घेतली आहे : उत्तर संपलं असं वाटलं तरी दोन-तीन सेकंद थांबायचं. चांगलं वाक्य बहुधा त्या थांबण्यानंतर येतं.

सरांनी टेबलावर ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक काढून ठेवला होता. साध्या बेसाल्टचा पातळ काप लावला, दोन्ही ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या चकत्या) आडवे-उभे केले. प्लेजिओक्लेजचे लांबट कण राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांत चमकले. चकती फिरवली की उजळतात, मावळतात, परत उजळतात. मग धक्का बसलेल्या बेसाल्टचा काप.

"सर, इथे कण दिसतात पण उजळत नाहीत."

"फिरव ना. पूर्ण फिरव."

फिरवली. आकार तोच, लांबट, कडा तशाच. पण आत काळोख, कुठल्याही कोनात.

"बाहेरून स्फटिक, आतून काच," सर म्हणाले. "वितळलं असतं तर आकार उरला नसता. आकार राहिला आणि आतली रचना मोडली, हे फक्त धक्क्याने होतं. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, यावर वाद घालायचा असेल तर आधी चकती फिरवा."

मोबाइल नेत्रिकेला लावून हे चित्रित केलं. व्हिडिओतली सगळ्यात महत्त्वाची वीस सेकंदं हीच. वर संगीत घालणार नाही.

२० नोव्हेंबर

निवेदनाचं मुद्रण. स्टुडिओ म्हणजे झोपण्याच्या खोलीतलं कपाट : दार उघडं, मागे कपडे, दोन बाजूंना दोरीवर गोधड्या. माइक तोंडापासून एक वीत, जरा बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. पहाटे पाचला बसते. सहानंतर पाण्याचे पंप, मग दूधवाले, मग चारी बाजूंनी कुकर.

बोलण्याआधी खोलीचा नुसता आवाज मिनिटभर मुद्रित केला. संपादनात जिथे शब्द कापतो तिथे निव्वळ शांतता टाकली तर कान दचकतात, त्या जागी खोलीचा हाच आवाज भरायचा.

व्हिडिओसाठी आवाजाची पातळी उणे १४ लफ्स (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक), पॉडकास्टसाठी उणे १६. सरांचा आवाज माझ्यापेक्षा खालच्या पट्टीतला आहे. दोघांना सारखं मोठं करताना त्यांचा श्वास कापला जाऊ दिला नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा श्वास हा त्याच्या बोलण्याचाच भाग असतो.

२४ नोव्हेंबर

पॉडकास्ट म्हणजे व्हिडिओचा नुसता आवाज, असं करणारे बरेच आहेत. मी ते करत नाही. संहिता पुन्हा लिहिली. ऐकणारी व्यक्ती पोळ्या लाटत असते, एस.टी.त असते, शेतात मोटर चालू करून बांधावर बसलेली असते. 'इथे बघा' हे दोन शब्दही तिच्या कामाचे नाहीत.

सूक्ष्मदर्शकाचा प्रसंग सगळ्यात जास्त छळला. चित्राशिवाय अंधारे कण कसे सांगायचे? शेवटी सरांना फोन करून विनंती केली आणि त्यांनी चकती फिरवत असताना काय दिसतंय ते तसंच बोलत मुद्रित करून पाठवलं : "आता उजळलं... आता मावळलं... आता उजळलं." मग दुसऱ्या कापावर : "काही नाही... काही नाही... अजूनही काही नाही." चित्रापेक्षाही सरस झालं. कान वाट बघत राहतो.

आकडेही वेगळे लिहावे लागतात. पडद्यावर ५,७०,००० ± ४७,००० एका नजरेत कळतं. कानासाठी : 'पाच लाख सत्तर हजार वर्षं, त्यात सत्तेचाळीस हजार इकडे किंवा तिकडे.' आणि त्यानंतर श्वासभर जागा. एका मिनिटात तीनपेक्षा जास्त आकडे नकोत, हा मी स्वतःला घातलेला दंडक.

२९ नोव्हेंबर

बुलडाणा जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीच्या वर्गाला कच्चा व्हिडिओ दाखवला. रात्रीच्या गाडीने आले, सकाळी अकराला वर्ग. प्रोजेक्टरवर खिडक्यांमधून ऊन, पडदा फिका. राखाडी नावपट्ट्या मागच्या बाकांवरून दिसेनात. परत गेल्यावर सगळी अक्षरं मोठी आणि काळ्या पट्टीवर पिवळी करायची. बहुतेक मुलं पुढे हे मोबाइलवरच बघतील, तिथेही याचा फायदा होईल.

वयाच्या भागात मी दारापाशी उभी राहून वर्गाकडे बघत होते. दोन मिनिटं चाळीस सेकंद. कुणी खिडकीकडे बघितलं नाही.

संपल्यावर हात वर.

"मॅडम, कार्बन लावून का नाही पाहिलं?" चांगला प्रश्न. कार्बन सजीवातून आलेल्या वस्तूचं वय सांगतो आणि साधारण ५० हजार वर्षांपलीकडे पोचत नाही. तळ्यातल्या गाळाला लावता येतो, पण मग वय गाळाचं कळेल, खड्ड्याचं नाही.

"मंग खरं कोणाचं?" मागच्या बाकावरून.

मी विचारलं, तुला काय वाटतं? तो उभा राहिला, जरा विचार करून म्हणाला, "जुना गॅस राह्यला का नाही ते ज्यानं तपासलं, त्याचं." शेजारची मुलगी लगेच म्हणाली, "पण मॅडम, तिसऱ्यानं तिसऱ्या पद्धतीनं मोजायला पाह्यजे." आणि दोघांचं तिथेच सुरू झालं. शिक्षक त्यांना थांबवायला निघाले, मी खूण करून थांबवू नका म्हटलं.

संपादन करणाऱ्या मैत्रिणीला त्या वादाचं मुद्रण पाठवलं. तिचं उत्तर : "ठीक. एक सेकंदही कापत नाही."

३ डिसेंबर

उपशीर्षकं हाताने केली. यंत्राने काढलेल्या मजकुरात 'मॅस्केलिनाइट' दरवेळी वेगळं येत होतं. ऐकू न येणारी मुलं हा व्हिडिओ बघणार आहेत, त्यांच्यासाठी [मोराचा आवाज, लांबून परत येतो] असंही लिहिलं.

मुखचित्र. आगीचा गोळा आणि 'रहस्य' हा शब्द टाकला तर जास्त लोक येतील हे मला माहीत आहे. टाकणार नाही. दीडशे वर्षं लोकांनी धीराने उकललेल्या गोष्टीला रहस्य म्हणणं मला पटत नाही. डावीकडे सूक्ष्मदर्शकातला चमकणारा कण, उजवीकडे काळा कण, मध्ये एक ओळ : 'हा कण का उजळत नाही?' या भागाला प्रायोजक नाही. ॲनिमेशनचा खर्च शिकवण्यांतून आलेल्या पैशांतून केला.

सरांनी अंतिम संहिता तपासली. 'उल्का पडली' ऐवजी 'आदळली' सगळीकडे केलं.

६ डिसेंबर

सकाळी सातला दोन्ही प्रसिद्ध. बुलडाण्याच्या शिक्षकांना व्हिडिओची कमी आकाराची प्रत वेगळी पाठवली, शाळेत इंटरनेट नसलं तरी चालावी म्हणून.

संध्याकाळपर्यंत आलेल्या प्रश्नांत सगळ्यात जास्त वेळा आलेला : '२०२० मध्ये पाणी गुलाबी का झालं?' त्या जूनमध्ये पाण्याचा रंग बदलला, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हे झाल्याचं सांगितलं. पण एवढ्या एका वाक्यात ते उरकायचं नाही. नमुना कसा घेतला, रंग सूक्ष्मजीवांचाच हे कशावरून ठरवलं, पावसानंतर तो का गेला, हे सगळं विचारायचं आहे.

उद्याची कामं : २०२० च्या मे-जूनची उपग्रहचित्रं उतरवून घेणं, सूक्ष्मजीवशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाला पत्र, मिठाच्या द्रावणाचा घरगुती प्रयोग जमतो का ते बघणं, आणि भाचीची परीक्षा कधी संपते ते ताईला विचारणं.